फाटक्या पुस्तकांचे वामनराव

वामनराव शेवडे सकाळी अकराच्या ठोक्याला कोट आणि काळी टोपी घालत, बायकोला ‘येतो’ म्हणत आणि दौलतगंजातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जात. तिथे पाटाशेजारी फाटक्या पुस्तकांचा ढीग असे. पाचपर्यंत ते पुस्तके बांधत. मध्ये कोणी गप्पांना आले तर ‘अभी दफ्तर चालू आहे, संध्याकाळी या,’ एवढे सांगून मान खाली घालत. नव्या माणसाला हे विक्षिप्त वाटे. आम्हा शेजाऱ्यांना त्यामागची दोन वर्षे ठाऊक होती.

रियासतीच्या दफ्तरखान्यात ते कारकून म्हणून लागले. रियासत विलीन झाली, मध्य भारत राज्य आले, तरी त्यांची खोली आणि खुर्ची तीच राहिली. मग मध्य भारतही मोडला आणि राजधानी भोपाळला गेली. त्यांनी आयुष्यभर लावलेले, कापडात बांधलेल्या कागदपत्रांचे बस्ते ट्रकमध्ये चढले. कोणता बस्ता कशाचा, हे विचारायला कोणी आले नाही. त्यांची जागाच उरली नाही, म्हणून त्यांना मुदतीआधी निवृत्त केले.

पहिला महिना ते फिरायला जात. मग दाढी थांबली, जेवण कमी झाले, शेवटी बोलणेही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडत. वैद्य झाले, डॉक्टर झाले, एका नातेवाइकाच्या आग्रहावरून शनीची शांतही झाली. विचारले तर म्हणत, ‘काही दुखत नाही. जीच लागत नाही कशात.’ सकाळी जाग येते याचाच त्रास होतो, असे ते एकदा शेवडेकाकूंना म्हणाले. त्या दिवसापासून काकू त्यांना एकटे सोडत नसत.

मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो आणि मराठी वाचनालयाचेही काम पाही. एक दिवस काकू दारात येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, यांच्या हातात कागद द्या काही. कोरा नको, कोरा बघून अजून गुमसुम होतील. फाटका द्या.’

वाचनालयातले एक पाने सुटलेले प्रवासवर्णन मी नेऊन दिले. चार दिवस पुस्तक उशाशी पडून होते. पाचव्या दिवशी वामनराव उठून बसले. पाने क्रमाने नव्हती, ते त्यांना सहन झाले नसावे.

आठवड्याने पुस्तक तयार झाले. कडा सरळ, पाठ घट्ट. ते बघायला ग्रंथपाल स्वतः घरी आले आणि त्यांनी ते उघडायला घेतले. उघडेना. वामनरावांनी दफ्तरातल्या सवयीने समासात दाभणाने भोके पाडून, फायल शिवतात तसे आरपार शिवले होते. आतल्या बाजूचे शब्द शिवणीत गेले होते.

ग्रंथपाल म्हणाले, ‘वामनराव, काम सुंदर आहे. पण हे वाचायला दोन माणसं लागतील. एक वाचायला, एक उघडून धरायला.’

बोलून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटले. वामनराव पुन्हा भिंतीकडे वळतील, ही धास्ती काकूंच्या चेहऱ्यावर दिसत होती. वामनरावांनी पुस्तक परत घेतले, ब्लेड मागितले आणि स्वतः आवळलेला एकेक टाका कापत संध्याकाळ केली. दुसऱ्या दिवशी दाढी करून ते नया बाजारातल्या रहमत मियाँच्या दुकानात गेले. रहमत मियाँ पिढीजात बांधणीकार. त्यांनी समासातली भोके पाहिली आणि विचारले, ‘बाबूजी, किताब को क़ैद काहे कर दिया?’ मग फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या, घडीतून टाका कसा घ्यायचा ते दाखवले. वामनराव तिथे महिनाभर शिकत होते. खळीत मोरचूद किती घालायचा, म्हणजे वाळवी लागत नाही, तेही तिथेच शिकले.

ते एका पुस्तकात बरे झाले नाहीत. पुढेही असे दिवस येत की खळ वाटीत वाळून जाई आणि हात मांडीवरच राहत. पण ते पाटावरून उठत नसत. कोटाचा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. कारण विचारले तेव्हा म्हणाले, ‘इस्त्रीचा कोट अंगात असला की पडता येत नाही. चुरगळतो.’ त्या पाटावर वाचनालयाच्या जवळजवळ सगळ्या जुन्या कपाटांतली पुस्तके बांधून निघाली.

काकू गेल्या, तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मी गेलो, तर ते सुई घेऊन बसले होते. सून म्हणाली, ‘बाबा, आठ-पंधरा दिवस आराम करा. बरं वाटलं की बसा.’

वामनरावांनी वर पाहिले नाही. ‘बरं वाटायची वाट मी दोन वर्षं पाहिली आहे, सूनबाई. ते आधी येत नाही. आधी बसावं लागतं.’

त्या दिवशी तीन फर्मे शिवून झाले. चौथ्याला दोरा तुटला. त्यांनी नवा ओवला.