दोन घंटांचे मास्तर

आमचे मास्तर सकाळचा एक कप चहा दोन हॉटेलांत मिळून प्यायचे. अर्धा वरल्या पाड्याच्या हॉटेलात, आणि मग धोतराचा सोगा सावरत, वाळू तुडवत जाऊन उरलेला अर्धा खालच्या पाड्याच्या हॉटेलात. अंगात ताप असला तरी यात खंड नाही. मी शाळेत रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना विचारलं, "मास्तर, एकाच ठिकाणी अख्खा कप का घेत नाही?" तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, परराष्ट्र धोरण आहे ते. त्यात आळस चालत नाही." मला वाटलं, संपलं! पहिलीच नोकरी आणि हेडमास्तर असा मिळाला.

गाव तारापूर आणि डहाणूच्या मधलं, समुद्राला चिकटलेलं. नाव सांगत नाही, कारण दोन्ही पाड्यांची माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. ते आम्हीच शिकवलं. सगळी वस्ती मासेमारांची, एकमेकांची सोयरी. पण समुद्रातल्या एका खुंटावरून वितुष्ट आलेलं. डोल जाळी समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. एका जागी बोंबील भरभरून लागायचा आणि ती जागा मूळची कोणाची, यावर दोन्ही पाड्यांनी एकमेकांचं पाणीसुद्धा सोडलं होतं. विहिरी दोन, हॉटेलं दोन, पाटील दोन. शाळा मात्र एक, आणि ती बरोबर मधे.

मी वाणगावची, भातशेतीतली. मला पापलेट आणि हलव्यातला फरक ताटात आल्यावर कळायचा. मास्तर एडवणचे, विधुर, शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचे. मी रुजू झाले त्या एकसष्ट साली तिकडे बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि मास्तरांना पंख फुटले. वर्तमानपत्रातला फोटो कापून त्यांनी फळ्याच्या वर चिकटवला. मुलांना वर्गाच्या एका कोपऱ्यात अमेरिका करायचे, दुसऱ्या कोपऱ्यात रशिया, आणि उरलेल्या साठ पोरांना मधे उभं करून ओरडायचे, "मधे राहा रे, पण ताठ! मधे म्हणजे कोणाच्या मागे लपायचं नाही!" अमेरिका व्हायला कोणी तयार नसे, कारण कोपऱ्यात विंचू निघायचे.

"घ्यावं सगळ्यांकडून, मिंधं कोणाचंच होऊ नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. "बाई, आपण रशियाकडून पोलादाचा कारखाना घेतला, अमेरिकेचा गहू घेतला. कोणापुढे मान वाकवली का? नाही!" हे धोरण शाळेला असं काही मानवलं की बोलायची सोय नाही. वरल्या पाड्याने कौलं दिली, तर खालच्या पाड्याने वासे दिले. वरच्यांनी पाण्याचा माठ आणला, तर दुपारच्या आत खालच्यांचा रांजण आला. वरच्या पाटलांनी पितळी घंटा दिली, तेव्हा खालच्या पाटलांनी तिच्याहून मोठी आणली. जिल्ह्यात दोन घंटांची शाळा आमचीच असावी.

मास्तरांनी वरल्या पाड्याची घंटा शाळा भरायला ठेवली आणि खालच्या पाड्याची सुटायला. आठवड्याच्या आत वरचे पाटील तणतणत आले. "मास्तर, ह्यो न्याय नाय. पोरा आमची घंटा आयकून रडतात, न त्यांची आयकून नाचतात!" तेव्हापासून दर सोमवारी घंटांची अदलाबदल. मी विसरायचे आणि चुकीची घंटा बडवायचे, मग मास्तर मला हळूच म्हणायचे, "बाई, युद्ध पेटवाल."

स्वयंपाकाची त्यांना कधी काळजी नव्हती. वरून सुके बोंबील यायचे, खालून ताजे. मी चिडवायचे, "मास्तर, हे धोरण म्हणायचं की भूक?" ते खदखदून हसायचे आणि अर्धे बोंबील माझ्या डब्यात भरायचे. म्हणजे मिंधी मीही होतेच.

बासष्टमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा मात्र हे हसणं आटलं. दोन्ही हॉटेलांत लोक विचारायचे, "काय मास्तर, कुटं गेला तुमचा अलिप्त?" दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून म्हणाले, "शेजाऱ्यांच्या भांडणात पडलो नाही, हे चुकलं नाही. आपल्या दाराला कडी लावायची राहिली, ते चुकलं." आणि लगेच पाढे म्हणायला लावले. आवाज फुटला होता, पण एकोणतीसचा पाढा त्यांनी पुरा करून घेतला.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत बोईसरला परप्रांतीय गवंडी-कामगार दिसू लागले, तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं, आणि आमच्या गावात जानकीबाईचं प्रकरण उभं राहिलं.

जानकीबाई विधवा. तिच्या नवऱ्याने तरुणपणी तो वादातला खुंट स्वतः ठोकला होता. कोणाच्या सांगण्यावरून ठोकला, हे त्यालाच ठाऊक, आणि तो समुद्रात गेला तो आलाच नाही. आता दोन्ही पाटील तिच्या दारात. तू बोल, तुझा शब्द सगळे मानतील. ती म्हणाली, "त्यान मना काय सांगला नाय. मेल्या मानसाच्या तोंडात मी शब्द नाय घालायची." तेवढं पुरलं. दोन्ही पाड्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं तर माणूस जगतो. पण मे महिना संपत आला होता. पावसाळ्याआधी उधाणाच्या भरतीला सगळ्या होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या असतात. एका होडीला तीस-चाळीस माणसं लागतात. आरोळी ऐकली की सारे धावतात, ही रीत. जानकीबाईच्या भावाने आरोळी दिली, पुन्हा दिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीची भरती शेवटची मोठी. ती चुकली की होडी पाण्यात राहणार, आणि पहिल्या तुफानात तिच्या फळ्या होणार. तेवढ्या एका होडीवर तिची तीन पोरं जेवत होती.

शाळेला सुट्टी लागली होती. मी वाणगावला निघालेली, हातात पिशवी. मास्तर म्हणाले, "वाईट वाटतं बाई. पण आपण या वादात पडणं बरं नाही. आपण अलिप्त."

माझं डोकं फिरलं. मी पिशवी आपटली. "तुमचं अलिप्त असणं म्हणजे दोन्हीकडचे बोंबील! ती बाई अलिप्त राहिली तर तिच्या ताटात काय आलं? ती खरी अलिप्त. तुम्ही नुसते पाहुणे!"

हेडमास्तरांशी असं बोलतात का? मास्तरांनी फळ्यावरच्या त्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. दोन बाजूंपासून लांब राहता राहता मी माणसापासूनच लांब राहिलो." आणि टोपी चढवून उठले. "चला, परिषद भरवू!"

परिषद शाळेतच भरली. कोणत्याच पाड्याचा नाही, असा जो दिसेल तो त्यांनी धरून आणला. पोस्टमन, शिंपी, मिठागरावर कामाला आलेली पंधरा-सोळा वारली माणसं, पडवीची भिंत बांधायला बोईसरहून आलेला गवंडी आणि त्याचे पाच साथीदार. मास्तरांनी खुर्चीवर उभं राहून जागतिक परिस्थिती समजावली. वारल्यांतला म्हातारा लखमा डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, आमी डोंगराची मानसा. दर्या आमचा कोन लागतं?" मास्तर म्हणाले, "कोणी नाही! म्हणून तर तुम्हाला बोलावलं!" गवंड्याने एवढंच विचारलं, "मास्टरजी, खींचना किधर है?"

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही किनाऱ्यावर. मी पदर खोचलेला, मास्तरांनी धोतराचा काष्टा मारलेला. डाव्या हाताला वरला पाडा, उजव्या हाताला खालचा पाडा, सगळे हाताची घडी घालून बघायला जमलेले. जानकीबाईचा भाऊ खोल पाण्यात होडीचं पुढचं टोक धरून होता, त्याला मागचं काही दिसत नव्हतं. आमच्यात होडी ओढलेला माणूस औषधालाही नाही. शिंपी पुढे झाला आणि मोठ्या आत्मविश्वासाने दोर बांधला. कशाला? सुकाणूला! ते आधी काढून ठेवायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार?

मास्तर ओरडले, "एक, दोन, तीन!" वारल्यांनी तीनला ओढलं, गवंड्यांनी दोनला, पोस्टमनने ओढलंच नाही, तो चप्पल शोधत होता. सुकाणू कडकडलं. दोन्ही पाड्यांतून एकाच वेळी "आयआयगं!" असा आवाज आला. मग होडी घसरायला तिच्याखाली घालतात ते ओंडके आम्ही उभे घातले. आडवे घालायचे असतात म्हणे. होडी गर्रकन फिरली आणि मास्तर कमरेपर्यंत पाण्यात बसले. मला हसू आवरेना. रडायची वेळ आणि मी खिदळतेय.

वरच्या पाटलांचा चेहरा लालबुंद झाला. होडीचे असे हाल बघत राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "आरं, सुकानू सोड! नाळेला बांध, म्होरल्या टोकाला!" ते ओरडत धावत सुटले. तोवर खालचे पाटील दुसऱ्या बाजूने पाण्यात शिरले होते. "मास्तर, सरा बाजूला! होडी हाय ती, बैलगाडी नाय!" मागून दोन्ही पाडे उतरले. दोर एकच होता, जागा मिळेल तिथे हात पडले, आणि एकमेकांना शिव्या घालत ती माणसं अशी एका तालात ओढू लागली की होडी सळसळत माडांपर्यंत गेली. आम्ही अलिप्त राष्ट्रं वाळूत धापा टाकत बसलो होतो. जानकीबाई होडीला टेकून तोंडात पदर धरून हुंदके देत होती.

होडी वर आली, तसे दोन्ही पाडे भानावर आले. आपण कोणाबरोबर दोर धरला, हे कळल्यावर जो तो मुकाट घरी गेला. आणि राग सगळा मास्तरांवर. बोंबील बंद. हॉटेलांत चहा मागितला की दूध संपलेलं.

पावसाळ्यात मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला, थेट जव्हारच्या डोंगरात. कारण गावाचा तक्रार अर्ज. 'सदर मास्तर मुलांना गणित कमी व जग जास्त शिकवतात.' मी अर्जाची नक्कल मिळवली आणि रागारागाने त्यांच्यासमोर धरली. खाली दोन्ही पाटलांच्या सह्या होत्या, शेजारी शेजारी, एकाच शाईने. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि उडीच मारली. "बाई! एका कागदावर! दोघं एका कागदावर आले!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तो कागद त्यांनी घडी करून आपल्या ट्रेनिंगच्या प्रमाणपत्राबरोबर ठेवला.

बोईसरच्या एसटीत मी त्यांना बसवून दिलं. मला ते फार आवडायचे. वडिलांसारखे होते, मास्तर होते, थोडे वेडेही होते. पण हे बोलायचं सोडून मी त्यांना पिशवी नीट ठेवा म्हणून बजावत राहिले.

पुढच्या मेमध्ये उधाणाच्या आदल्या संध्याकाळी वाणगावहून गावात आले. पोस्टमन, शिंपी, लखमाची माणसं, सगळ्यांना सांगून ठेवलं. सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तर जानकीबाईची होडी रात्रीच्या भरतीलाच वर आलेली, ओंडके नीट आडवे, सुकाणू काढून बाजूला ठेवलेलं. कोणी ओढली? वरच्या पाड्याला माहीत नाही. खालच्या पाड्याला माहीत नाही. जानकीबाई म्हणाली, "मी उठले तं ती वर!" आणि हसली.

मी त्याच दिवशी मास्तरांना कार्ड टाकलं. होडी वर आली, पण कोणी ओढली ते कोणीच कबूल करत नाही, काय करू?

उलट टपाली उत्तर आलं. अख्ख्या कार्डावर दोनच शब्द होते.

"विचारू नका."