आर्लिसची रद्द मुलाखत

आर्लिस ब्रँडवोल्डला शिवी देऊन फोन आपटणं सोपं नव्हतं. लोकांनी प्रयत्न पुष्कळ केले. मी तिची सुपरवायझर, माझं कामच मुळी दुसऱ्या वायरीवरून चोरून ऐकायचं, त्यामुळे मला माहीत आहे. पलीकडून कुणी मेपल-सिरपवाला अगर ट्रकवाला आईमाईवरून सुरू व्हायचा आणि अकराव्या मिनिटाला हाच गडी आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत असायचा. मध्ये आर्लिसनं काय केलेलं असायचं? काही नाही. "हं" म्हटलेलं असायचं. तसलं "हं" पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं नाही मी. त्यात होकार नाही, नकार नाही, कीव नाही.

आमच्या लार्क फॉल्समध्ये तेव्हा दोनच नोकऱ्या होत्या, कागदाची मिल आणि फोनवरून लोकांची मतं विचारणारं आमचं सर्वेक्षणाचं ऑफिस. मिल बंद पडली आणि एकच उरली. आर्लिस एकतीस वर्षं आमच्याकडे होती. गाईगुरांच्या फार्मवर वाढलेली, सहा भावंडांत पाचवी. "आमच्या घरी बोलायची पाळीच यायची नाही गं रोझेला," ती म्हणायची, "म्हणून ऐकायला शिकले." नवीन पोरींना ती धडे द्यायची. समोरच्यानं काहीही सांगितलं तरी "छान" म्हणायचं नाही आणि "अरे देवा" तर नाहीच नाही. शब्द न् शब्द टाइप करायचा, आणि विचारायचं, आणखी काही सांगायचंय?

दोन हजार सोळाचा ऑक्टोबर. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला एक बाई आणि एक पुरुष उभे होते, आणि कोण जिंकणार याचा आमचा शेवटचा कौल चालू होता. मशीन आपोआप नंबर लावतं, कुणाचा लागेल ते देवालाही ठाऊक नसतं. एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं हात वर केला. नंबर आर्लिसच्या घरचा होता. तिथं आर्लिसचा नवरा डुएन असणार. नियम असा की ओळखीच्या घरची मुलाखत ओळखीच्यानं घ्यायची नाही. आता अख्खं गाव आर्लिसला ओळखतं, मग घेणार कोण? सुपरवायझर म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

"रोझेला, आवाज बदलून काय बोलतेस? कळतंय मला," डुएन हसला. पण उत्तरं दिली. मत कुणाला? "तिला," तो म्हणाला. मी बटण दाबलं. ते बटण दाबलं की ती गोष्ट माझ्या पोटात पुरली, आम्ही तशी शपथच घेतलेली असते. डुएननं संध्याकाळी बायकोला सांगितलं की तुमच्या ऑफिसचा फोन आला होता. आर्लिसनं विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, "तुमचं ते गुपित असतं ना?" दोघं हसली. आपलं माणूस आपल्यासारखंच मत देणार, असं तिनं धरून टाकलं.

आमचा कौल सांगत होता की आमच्या राज्यात ती बाई सहा टक्क्यांनी पुढं आहे. नोव्हेंबरात निकालाच्या बुधवारी सकाळी उठून बघतो तो, राज्य त्यानं जिंकलेलं. एक टक्क्याहूनही कमी फरकानं, पण जिंकलेलं. गाव मधोमध चिरलं. एका घरासमोर हॉर्न वाजत होते, शेजारच्या घराचे पडदे दुपारपर्यंत उघडले नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीनं थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाचं आमंत्रण मागं घेतलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की आम्ही कौलवाले मूर्ख. त्या शुक्रवारी नेहमीसारखे बारमध्ये मासे खायला गेलो, तर बारवाला रॉली गल्ल्यावरूनच ओरडला, "आर्लिस, उद्या बर्फ पडेल का सांग! म्हणजे मी उलटा बेत करतो!"

"पडेल रॉली, सहा टक्क्यांनी," ती म्हणाली. लोक हसले. तिनं आपला मासा तसाच टाकला.

कपाळमोक्ष खरा घरात झाला होता. बुधवारी सकाळी आर्लिस चुलीपाशी उभी राहून रडत होती. डुएननं अंडी खाल्ली, उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होईल सगळं ठीक." "रोझेला," तिनं मला कॉफी घेताना सांगितलं, "त्याच्या आवाजात दुःख नव्हतं गं. मला आवाज कळतो." त्या दिवसापासून दोघं जेवताना फक्त मीठ मागत होती. अडतीस वर्षांचा संसार, आणि मत कुणाला दिलंस, हा एक प्रश्न त्याला विचारायची तिला छाती होईना.

आता तो प्रश्न मी विचारलेला होता! उत्तर माझ्याकडे होतं, आणि तिला हवं होतं तेच होतं. जीभ नुसती वळवळत होती माझी. एक शब्द बोलले असते तर बाई त्या रात्री शांत झोपली असती. तिनं माझं तोंड बघितलं आणि माझा हात धरला. "तुला माहीत आहे. पण मला सांगू नकोस. मी भीक मागितली तरी सांगू नकोस. ज्यांनी ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांना मी काय तोंड दाखवू?" मी चर्चला जाणारी बाई आहे, पण इतका कडक नेम मी पाद्र्याचाही पाहिला नाही.

आम्ही चुकलो कुठं, ते शोधायची कल्पना तिचीच. मालक तर राजकारणाचं कामच सोडायला निघाले होते. ती त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "ऑक्टोबरात विचारलं त्याच सहाशे जणांना पुन्हा फोन करू. खरं काय ते त्यांनाच विचारू." घाई करायला हवी होती, कारण पुढच्या आठवड्यात शनिवारपासून हरणाच्या शिकारीचा हंगाम. मग आठवडाभर राज्यातला एक पुरुष घरी सापडत नाही.

शिकारीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला आर्लिसनं हात वर केला. मी गेले. तिच्या पडद्यावर तिच्याच घरचा नंबर होता आणि खाली ऑक्टोबरचं उत्तर. 'तिला.' मला वाटलं, सुटली बिचारी! पण ती हसली नाही. पडद्याकडे बघत राहिली.

"दे इकडे, मी करते," मी म्हटलं.

"नाही. हा फोन मीच करणार. तू वायर लाव आणि ऐक. नंतर आपण तो रद्द करू."

मी नियमाचं पुस्तक काढायला हवं होतं. मी वायर लावली.

"नमस्कार सर. मी लार्क फॉल्सच्या सर्वेक्षण ऑफिसमधून बोलते आहे. माझं नाव आर्लिस."

"अगं, हे काय आता? मी बंदुका भरतोय गाडीत."

"सर, ऑक्टोबरमध्ये तुम्ही आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली होतीत. आणखी चार प्रश्न आहेत. आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का? घरात दुसरं कुणी आहे?"

मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"नाही," डुएन म्हणाला. "बायको कामावर गेलीय."

"मतदान केलंत?"

"केलं."

"कुणाला?"

"त्याला."

माझा हात तोंडावर गेला. आर्लिसची बोटं चालू होती. "ऑक्टोबरनंतर मत बदललं, की तेव्हाच ठरलं होतं?"

"तेव्हाच."

"मग तेव्हा वेगळं उत्तर देण्याचं कारण?"

"कारण..." तो थांबला. ती थांबली. घाई करायची नाही, हाही तिचाच धडा. "मिल बंद झाली तेव्हा कुणी आलं नाही. मी चौपन्न वर्षांचा होतो. पार्किंगमध्ये उभे होतो आम्ही डबे घेऊन. हा निदान मिलचं नाव तरी घेतो. खोटं बोलत असेल, मला कळतं, पण घेतो. आणि तुमच्याकडे खोटं सांगितलं, कारण माझी बायको तिथं काम करते. ती रोज घरी येऊन सांगायची की यंदा एक बाई निवडून येणार. तिचा चेहरा असा व्हायचा... लग्नात होता तसा. मी तो आनंद घालवणार होतो काय?"

"हं," आर्लिस म्हणाली. तेच "हं". मी कान देऊन ऐकलं, त्यात राग नव्हता, रडू नव्हतं. शब्द न् शब्द तिनं टाइप केला, 'लग्नात होता तसा' हेसुद्धा. मग ठरल्याप्रमाणं विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"हो. बायकोला कसं सांगू ते कळत नाही."

आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं छापील कागदाबाहेरचं वाक्य उच्चारलं. "ते तिलाच सांगावं लागेल, सर. ती साडेपाचला घरी येते."

तिनं फोन ठेवला, रद्दचं बटण दाबलं, कारणाच्या रकान्यात 'मुलाखतकार घरचीच' असं लिहिलं. "अगं बाई," मी म्हटलं, "अख्ख्या यादीत इतकं खरं उत्तर नाही, आणि ते पुसतेस?"

"नियम आहे तो," ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला. आमच्या अहवालात, ऑक्टोबरला खोटं बोललो म्हणून कबूल केलेले एकोणचाळीस लोक आहेत. डुएन त्यात नाही. त्या एकोणचाळिसांपैकी सतरा जणांशी आर्लिसच बोलली होती, आणि एकालाही तिनं लाजवलं नाही.

पाचला तिनं कोट घातला. बटणं चुकीच्या काजांत गेली, मी सोडून पुन्हा लावून दिली.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"जन्मभर लोकांना विचारत आले गं," ती म्हणाली. "आता तो सांगणार आणि मला उत्तर द्यावं लागणार. मला ते कधी कुणी शिकवलंच नाही."