पुजाऱ्यांच्या अंगात काय आलं होतं

“पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा,” मी म्हटलं. माधव पुजाऱ्यांनी डोळे मिटले आणि ते असे डुलले, की मी आणि त्यांच्या बायकोने दोन्हीकडून धरलं म्हणून पडले नाहीत.

परभणीत मी नसांच्या आजारांची डॉक्टर आहे. माधव सोनपेठकडच्या एका खेड्यातले, जेमतेम तिशीचे. देवळाची पूजा वडिलांकडून आलेली.

“हेच, मॅडम,” बायको रेणुका म्हणाली. “आरतीला डोळे मिटले की ह्यांना असंच होतंय. लोकं म्हणायलेत, अंगात येतंय. पाया पडायलेत, नारळ ठेवायलेत.”

“देव आला असता तर मला नसतं का कळलं?” माधव खाली बघत म्हणाले. “मला पायाखाली फरशी हाय का न्हाई तेच कळंना गेलंय.”

इतकं सरळ लक्षण सांगणारे रोगी कमी. तळपायाकडून मेंदूला खबरच जात नव्हती. तोल सगळा डोळ्यांवर, आणि डोळे मिटले की तोही संपला. हातही थरथरत होते. तपासणीत नसांमधून निरोप जायचा वेग फारच मंद निघाला. आजार सीआयडीपी. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच नसांवर उलटते.

याचं नेहमीचं औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून देतात. बहुतेकांना गुण येतो. माधवना आला नाही, उलट हातात काठी आली.

“देव अंगात येत असताना औषध घेतलं म्हणून कोप झाला म्हणायलेत,” रेणुका म्हणाली. “सासरे म्हणले, आता बास करा. मॅडम, हे अंथरुणाला खिळतेत का?”

“मी बास केलेलं नाही,” मी जरा तिखटपणेच म्हटलं.

तरुण वय, थरथर, आणि औषधाला दाद नाही. हा आजाराचा वेगळाच प्रकार असावा, अशी मला शंका आली. रक्त मोठ्या लॅबला पाठवलं. अँटीबॉडी म्हणजे जंतूंशी लढणारी आपली प्रथिनं. क्वचित ती नसेच्या आवरणाच्या सांध्यावरच जाऊन बसतात आणि निरोप तिथे अडतो. त्या सांध्यावरच्या न्यूरोफॅसिन नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. या प्रकाराला नेहमीचं औषध फारसं लागू पडत नाही. मग रिटुक्सिमॅब दिलं. ज्या पेशींपासून अँटीबॉडी तयार होतात, त्यांनाच ते आवर घालतं.

काही महिन्यांनी माधव काठीशिवाय आले आणि डोळे मिटून सरळ उभे राहिले.

“नारळ बंद झाले, मॅडम,” ते हसले. “देव सोडून गेला म्हणायलेत.”

“जाऊ द्या,” रेणुका म्हणाली. “हे तर राहिले.”

औषध लागू पडलं नाही, तर आधी निदान पुन्हा तपासावं. देवाला मध्ये घ्यायची घाई करू नये.