होणाऱ्या व्याह्यांना मी रिपोर्ट केलं

माझ्या मुलीचं जमत आलेलं लग्न मी अकरा जणांच्या मदतीनं बंद पाडलं.

पालमच्या बसस्टँडमागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मागं एकदा कुणीतरी माझा फोटो लावून, माझ्याच नावानं खोटं खातं काढलं आणि गावभर पैसे मागत सुटला. (एकानंही दिले नाहीत! खातं खोटं म्हणून नव्हे, माझं आहे म्हणून!) मी ते खातं बंद करवलं आणि तेव्हापासून तालुक्याचा तज्ज्ञ झालो. दुकानात जळालेल्या मोटारी कमी आणि "हे खातं खरं का खोटं, बघा बरं जरा" म्हणणारे जास्त. काम फुकटचं, पण मान लय!

अशात आमच्या ज्योतीला वालूरचं स्थळ आलं. ज्योती परभणीत नर्स आहे, आणि मुलगा, गणेश, त्याच दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात. दोघांचं आधीच ठरलं होतं, आता फक्त आम्ही माना डोलवायच्या होत्या. गणेशचे वडील केरबाजी मला फोन करणार होते. बायको दिवसातून तीनदा बजावायची, "अहो, नीट बोला बरं का. पोरीचा जीव गुंतलाय. तुमच्या जिभेला हाड न्हाई."

फोन काही आला नाही. आली फ्रेंड रिक्वेस्ट! नाव 'शेतकरी राजा', फोटो बैलाचा, खातं कालचं, मित्र तीन. मी बाह्या सरसावल्या आणि सापळा म्हणून रिक्वेस्ट स्वीकारली.

लगेच मेसेज. "राम राम पाव्हणे. तुमी मूळचे कुठले?"

लगेच पुढचा मेसेज.

"तुमच्या आईचं माहेर कोणतं? माहेरचं आडनाव?"

अरे वा! बँकेवाले हेच विचारतात की!

"पोरीची जन्मतारीख पाठवा. वेळेसकट."

वेळेसकट! इतक्या बारकाईनं काम करणारा चोर मी पाहिला नव्हता. (घरात मुलीचं स्थळ आलेलं, समोरचा कुळी आणि पत्रिका विचारायलाय, आणि मला चोर आठवला, सोयरा नाही. तज्ज्ञ माणसाचं असंच होतं!)

मी टाईप केलं, "आधी तुझा बाप कोण ते सांग!"

"वडील वारले. नाव ज्ञानोबा. तुमचे हायेत का?"

"लय शहाणा झालास का? व्हिडिओ कॉल कर, थोबाड दाखव!"

कॉल आला. स्क्रीनवर नुसता कान! भला मोठा, केसाळ कान.

"हालो, हालो..."

"तोंड कामून लपवायलास रे?"

"तोंड हितंच हाय की," कान म्हणाला. "तुमी बोला."

मी स्क्रीनशॉट काढला आणि फोन आपटला. गावच्या ग्रुपवर कानाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "सावधान! हा भामटा घरातल्या पोरींची माहिती गोळा करायलाय." अकरा जणांनी पटापट रिपोर्ट मारले. संध्याकाळपर्यंत राजा गायब! मी अकराही जणांना चहा पाजला.

चहाचा कप हातात असतानाच ज्योतीचा फोन आला.

"पप्पा, गणेशच्या वडिलांना काय बोललात तुमी? तुमच्याशी बोलायचं म्हणून काल त्यांनी नवीन खातं काढलं होतं. ते म्हणायलेत, पाव्हण्यानं माझा बाप काढला! आता हे लग्न न्हाई म्हणायलेत."

आणि ती रडायला लागली. ऑपरेशनच्या खोलीत न डगमगणारी माझी पोरगी, माझ्यामुळं रडत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की चहाचा कप तसाच खाली ठेवला.

बायको एवढंच म्हणाली, "आता तुमीच जा, आन् तुमचं थोबाड दाखवा."

सकाळी एसट्या बदलत बदलत वालूर गाठलं. केरबाजींनी दार अर्धंच उघडलं. कान बघताक्षणी ओळखला.

"कोण?"

"मी ज्योतीचा बाप. माफी मागायला आलोय."

"कशावरून ज्योतीचा बाप? आजकाल कुणीबी कुणाचं नाव सांगायलंय."

मी आधार कार्ड काढलं. त्यांनी ते उलटंसुलटं बघितलं. "फोटो जुळत न्हाई," म्हणाले. (तो मलाही कधी जुळलेला नाही.) शेवटी आतून गणेशची आई आली, तिनं ज्योतीला व्हिडिओ कॉल लावला आणि नवऱ्यानं सवयीनं कानाला लावलेला फोन ओढून त्याच्या तोंडासमोर धरला.

केरबाजींनी मला स्क्रीनपुढं उभं केलं. "पोरी, हा माणूस खरा का खोटा?"

ज्योतीनं फोन जवळ नेऊन मला निरखलं.

"खरेच हायेत, मामा," ती म्हणाली. "पण रिपोर्टचं बटन असलं तर दाबा."

केरबाजी इतके हसले की टोपी खाली पडली. टोपी झटकून त्यांनी आत आवाज दिला, "चहा टाका गं, सोयरे आलेत!" मला हाताला धरून आत नेलं, बसवलं. माझे डोळे भरून आले, मी हात जोडले.

"पाव्हणे, आमाला पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "बापाचं मातर चौकशी करून कळवतो."