चाळीसला हातचा

शांतलिंगअप्पा कॉम्प्युटर रूमचे प्रमुख होते, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. पांढरा शर्ट-पायजमा, कपाळाला भस्म. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ते पंधरा वर्षं उसाच्या नोंदी घेत सायकलवरून बांधाबांधानं फिरले. शहाऐंशी साली कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला, तेव्हा कुठल्या गावात कुणाचा किती ऊस उभा आहे हे तोंडपाठ असलेला माणूस म्हणून त्यांना त्या खोलीत बसवलं. ते मला म्हणायचे, "मशीनला माझी गरज न्हाय गुरुजी, शिवाराला हाय."

खोली बघायला मीही एकदा गेलो होतो. मे महिना, बाहेर दुष्काळाची धग, आणि आत सगळे स्वेटर घालून बसलेले. दाराशी चपला काढायच्या आणि ओल्या पोत्यावर पाय पुसून आत जायचं, कारण मशीनला धूळ चालत नाही. पोतं ओलं करायला पाणी कुठून आणायचं? गारवा देणाऱ्या यंत्रातून बाहेर ठिबकणाऱ्या पाण्याखाली अप्पांनी घागर लावली होती. दिवसाला अर्धी भरायची. पोतं भिजवून उरलेलं पाणी ते दारापुढच्या लिंबाच्या रोपाला घालायचे.

आत तीन ऑपरेटर होते. त्यातली तारामती सरवदे माझी विद्यार्थिनी. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई सरुबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि सात वर्षांची तारा शाळा सुटल्यावर त्याच ढिगाऱ्यावर बसून पाढे म्हणायची. गणितात चलाख होती असं मी म्हणणार नाही. पण उत्तर आलं की पाटी लगेच पुढं करायची नाही. एकदा परत बघायची. वर्गात त्यामुळे ती नेहमी शेवटची. पुढं उस्मानाबादला टायपिंगची परीक्षा दिली आणि या खोलीत लागली. त्या घरात पगारावर लागलेली ती पहिलीच. नेमणूक मात्र तात्पुरती, डिसेंबरअखेरपर्यंत.

डिसेंबरनंतर कुणाला ठेवायचं हे वेगावर ठरणार होतं. मशीन बसवून देणाऱ्या कंपनीचे एक प्रोग्रामर पुण्याहून यायचे. त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. कोण तासाला कीबोर्डच्या किती कळा दाबतो, ते त्यावर रोज लिहायचं. सहा हजारांच्या खाली राहील त्याला मुदतवाढ नाही. गुलाब नावाचा ऑपरेटर नऊ हजारांवर होता. तारा पाच हजार दोनशे.

गुलाब चेष्टा करायचा, "ताराबाई, तुमी टाइप करताय का येचून खडे काढताय?"

"खडं असल्यावर काढावंच लागतंय," ती म्हणायची.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं. कुठल्या शेतात तोडणीची टोळी किती दिवस पाठवायची, हे त्या वर्षी प्रथमच कॉम्प्युटरनं ठरवलं. पंधरवड्यानं हणमंतप्पा नावाचे शेतकरी खोलीच्या काचेबाहेर येऊन उभे राहिले. चप्पल न काढताच दार ढकललं.

"अप्पा, माझा ऊस पावणेदोन एकर. टोळी आली, तोडला आन् 'तुमचं संपलं' म्हनून पुढच्या गावाला गेली. मागं उभा हाय ते काय बांधावरचं गवत हाय व्हय?"

"हणमंतप्पा, बसा. आधी चहा घ्या."

"चहा नगं. हिरीत पानी न्हाय, ऊस वाळाया लागलाय. त्येला पाजता का चहा? लई हुशार मशीन हाय तुमचं. माझ्या रानाचं माप माझ्यापरीस त्येला जास्त कळाया लागलं!"

अप्पांनी यादी काढली. हणमंतप्पांच्या नावापुढं १.३० होतं, एक एकर तीस गुंठे. म्हणजे पावणेदोन. नोंद बरोबर होती. मग शेतातला ऊस उभा कसा?

तारा खुर्चीतून उठली. तिच्या हातात दुसऱ्या एका गावाची यादी होती.

"अप्पा, एक दाखवू का? ह्या दोघा भावांचा अर्धा-अर्धा एकर. वीस गुंठे आन् वीस गुंठे. खाली बेरीज बघा."

बेरीज होती ०.४०. पुढच्या पानावर दुसऱ्या एका घरची ०.६०.

"साठ गुंठे असं कुणी म्हनतं का? दीड एकर म्हनत्यात. मशीन चाळीसला हातचा घेतच न्हाय, अप्पा. त्येला एकराचे शंभर भाग वाटत्यात. हणमंतप्पांच्या पावणेदोनचं त्यानं सव्वाच्या थोडं वर धरलं. अठरा गुंठे गेले."

हणमंतप्पा दारातच खाली बसले. "पोरी, हे मशीन चौथी पास हाय का न्हाय?"

अप्पांनी विचारलं, "कवा ध्यानात आलं तुझ्या?"

"चार दिवस झाले. प्रोग्रामरसाहेबांना बोलले. ते म्हनले, तुम्ही विचार करू नका, कागदावर आहे ते टाका. आन् थांबलं की कळा कमी पडत्यात. माझ्या आधीच कमी हायेत."

अप्पांनी कागद पुढं ओढला. नोंदीचा तो कागद त्यांनीच आखला होता. पंधरा वर्षं एकर, टिंब, गुंठे असंच लिहीत आले होते, तसंच इथंही लिहिलं. एकराला चाळीस गुंठे, हे कुणाला सांगावं लागतं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आणि शहरात वाढलेल्या प्रोग्रामरना ते विचारावं असं सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी टोळी परत बोलावली. मग तीन दिवस अप्पा आणि तिघं ऑपरेटर कागद-पेन्सिल घेऊन बसले. दोनशे अकरा शेतांचं माप चुकलं होतं आणि चूक प्रत्येक ठिकाणी कमीचीच. वेगाचा गुलाबही त्या तीन दिवसांत ताराच्या शेजारी बसून हातचे घेत होता. प्रोग्रामर पहिल्या एस.टी.नं आले. भला माणूस, सगळं बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि एकराचा व गुंठ्याचा रकाना वेगळा करून दिला. आता गुंठ्यांच्या रकान्यात चाळीस टाकले की मशीन अडायचं.

पुढची बैठक कार्यकारी संचालकांसमोर झाली. चूक कुणाची हे ठरवायचं होतं आणि वेगाचा तक्ताही टेबलावर होता. तिथं काय झालं ते मला तारा आणि अप्पा दोघांनीही सांगितलं. फरक एवढाच, की प्रत्येकानं मोठेपणा दुसऱ्याच्या पदरात टाकला.

अप्पा म्हणाले, "साहेब, कागद म्या आखला, टिंब म्या दिलं. चूक माझी. ही तारामती तक्त्यात खाली दिसतीय, ती थांबून बघती म्हनून. ती थांबली नसती तर दोनशे शेतकरी काचंसमोर येऊन थांबले असते. वेगावरच मानसं ठेवायची असली, तर पहिल्यांदा मला परत सायकलवर पाठवा."

साहेबांनी तक्ता उचलून बघितला. मग त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला. ताराला मुदतवाढ मिळाली आणि दोन वर्षांनी ती कायम झाली.

भिंतीवर नवा कागद आला. तारीख, चूक काय, कुणाची, कुणी पकडली. पहिली ओळ अप्पांच्या वळणदार अक्षरात होती: "एकर-गुंठ्यात टिंब. चूक शांतलिंगची. पकडली तारामती सरवदे यांनी." खालच्या ओळी हळूहळू भरत गेल्या. गुलाबनंही स्वतःहून आपल्या चुका लिहिल्या, आणि गंमत म्हणजे लिहायला लागल्यापासून त्या कमी झाल्या.

अप्पा निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तारा त्या खोलीची प्रमुख झाली. जुन्या फायली लावताना तिला अप्पांची फाइल सापडली. संध्याकाळी ती माझ्याकडं आली आणि ओट्यावर बसली.

"गुरुजी, त्या बैठकीनंतर अप्पांना मेमो मिळाला होता. लेखी ताकीद. आम्हाला कधी बोलले न्हाईत."

"आणि तुझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"माझं नावच न्हाय त्यात. प्रोग्रामरसाहेबांचंही न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अप्पांकडं गेलो. मेमोचा विषय काढल्यावर ते हसले. "आलता व्हय असा कागद? असंल." मग ताराकडं वळून विचारलं, "ते जाऊ दे. लिंबाच्या झाडाला पानी घालता का न्हाय? घागर अजून हाय का?"

घागर होती. तारा रोज स्वतः ओतायची.