अर्ध्यावरचा काटा

राहात्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. माझा ड्रायव्हर जीपमधलं डिझेल चोरतो, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. टाकी भरून आणली तरी काटा अर्ध्यावरच असायचा.

मेकॅनिकनं टाकी रिकामी केली. मापानं पाच लिटर ओतायचा, डिझेल हलायचं थांबेपर्यंत टाकीला कान लावून बसायचा, मग काट्याच्या काचेवर खूण करायचा. ड्रायव्हर हाताची घडी घालून बघत होता. टाकी काठोकाठ भरली. काटा अर्ध्यावरच थांबला.

हात पुसत मेकॅनिक म्हणाला, “काटा मी सरळ करतो, सायेब. ह्यांच्याशी तुमी बोला.”

मी ड्रायव्हरकडे वळलो, तोवर त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो एसटी स्टँडकडे चालू लागला.