पडद्याच्या अलीकडची सीट

आमच्या दुकानात शिरल्या की बाई खुर्चीत बसायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या आणि दोन्ही गुडघे माझ्या टेबलाच्या फळीला टेकवून म्हणायच्या, "भाडं राहू दे गं. आधी माणूस बसतो कसा ते सांग."

भाडं राहू दे! विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात येऊन असं म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हैदराबादच्या दिलसुखनगरात आमच्या वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास, शेजारी कोचिंग क्लास, मध्ये आमचं दुकान. येणारा प्रत्येक जण मोबाईलवर कुठल्यातरी साइटचा आकडा नाचवतच आत येतो आणि त्याहून कमी मागतो. दोनदा विमान बदलावं लागलं तरी चालेल, मध्ये रात्रभर बाकावर पडावं लागलं तरी चालेल, आकडा खाली आला पाहिजे. मी पुण्याची. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची कला आम्हाला शिकावी लागत नाही. बाईंपुढे मात्र ती चालली नाही.

बाई जामबागच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, रुंद हाडाच्या, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुलगी ताठ व्हावी. त्यांचं सासर पिढ्यान् पिढ्या हैदराबादेतलं, सरकारी नोकरीतलं. मलकपेठेत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणायची, वॉचमनसुद्धा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले तेव्हा त्यांचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून नाक मुरडलं होतं. एकदा त्यांना चांगलं मराठी ऐकवायलाही गेले. त्या म्हणाल्या, "तुझं मराठी पेठेतलं, माझं मलकपेठेतलं. कमी काय आहे त्यात?" त्यानंतर मी कानाला खडा लावला.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांच्या अगदी उलट. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, पण शिपायाकडे कधी पेलाभर पाणी मागितलं नाही. उठून स्वतः घ्यायचे. निवृत्तीनंतर मणक्याचं दुखणं वाढत गेलं आणि पाठ लाकडासारखी झाली. चालता यायचं, उभं राहता यायचं, आडवं पडता यायचं, पण बसणं जमेना. थोडा वेळ बसले की कळ थेट पायापर्यंत जायची, चेहरा पांढरा पडायचा. तोंडातून मात्र शब्द नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं दुखणं दुसऱ्यालाच ओळखावं लागतं.

त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, डॅलसला. आमच्या दुकानाच्या लेखी डॅलस म्हणजे इथल्याच अमीरपेटची पुढची गल्ली, पण या घरासाठी ते फार लांब होतं. मुलीचा व्हिसा अडकला होता. ती इथे आली असती तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती, आणि नोकरी, घर, सगळं तिकडे. तिला मुलगी झाली होती, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि काकांनी तिला फक्त मोबाईलच्या काचेत पाहिलं होतं. काका कधी "जायचंय" म्हणाले नाहीत. फोन संपला की मोबाईल छातीवर पालथा ठेवून छताकडे बघत पडून राहायचे. बाईंना ते बघवेना.

"व्हिडिओवर पोर उचलून घेता येतं का गं?" त्यांनी मला विचारलं. "नाही ना? मग न्यायचं ह्यांना. कसं ते तू सांग."

मग आमची शाळा भरली. शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे मात्र रोज बदलायचं. मी विमानातल्या मागच्या, स्वस्त वर्गापासून सुरुवात केली. पाठ चार बोटं मागे जाते, गुडघे समोरच्या सीटला लागतात. बाई म्हणाल्या, "दंगा करणाऱ्या पोरींना पण मी एवढा वेळ ओणवं उभं केलं नाही. पुढं चल." मधल्या वर्गाचं सांगितलं. सीट रुंद, पाय टेकायला फळी, पाठ बरीच मागे जाते. बाईंनी आमच्या दुकानातली खुर्ची भिंतीला तिरकी टेकवली आणि स्वतः रेलून पाहिली. खुर्ची सरकली, मालकांच्या हातातला चहा शर्टावर सांडला. बाई पडता पडता सावरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हा उतार झाला. बिछाना नाही झाला."

बिझनेस क्लासमध्ये सीट पूर्ण आडवी होते, पण सगळ्याच विमानांत नाही, काही जुन्या विमानांत तीसुद्धा तिरकीच राहते, असं मी सांगितलं. बाई भडकल्या. "मग वर्गाचं नाव कायकू सांगते मला? विमानाचं नाव सांग!" त्या दिवसापासून मी भाड्याच्या आधी विमान बघायला लागले. आजही बघते.

मध्ये त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. मागच्या तीन सीट ओळीनं घ्यायच्या आणि काकांना त्यावर निजवायचं. मी म्हटलं, "बाई, काका उंच आहेत, पाय मधल्या वाटेत येतील. शिवाय जिथे विमान बदलतं तिथे रिकामी दिसलेली सीट कधीकधी दुसऱ्याला देऊन टाकतात."

"माझी विकत घेतलेली सीट?"

"रिकामी दिसते ना."

"उद्या माझं घर रिकामं दिसलं तर ते पण देतील?" त्या दिवशी त्यांनी सगळ्या विमान कंपन्यांना नावं ठेवली. युक्ती मात्र सोडली.

दोघांची पुढची, बिझनेस क्लासची तिकिटं आवाक्याबाहेर होती. मुलगी एकाचं करू शकत होती. ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, थोडं थांब. पुढच्या वर्षी दोघांचं करते."

"पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? तुझ्या बापानं?" बाई म्हणाल्या.

ठरलं. काका पुढे बिछान्यावर, बाई मागे खुर्चीत, मध्ये विमानातला पडदा. पण खरी अडचण इथेच होती. कंपनीला डॉक्टरांची सही हवी होती, की हा माणूस पुढे एकटा राहू शकतो. नाहीतर सोबतीनं त्याच वर्गात बसलं पाहिजे. डॉक्टर काकांना वर्षानुवर्षं ओळखत होते. म्हणाले, "उठणं, चालणं, खाणं, सगळं जमतं त्यांना. पण दुखलं तर सांगतील का? दात आवळून सोळा तास पडून राहिले तर काय करायचं? ते मागायला शिकले, की मी सही करतो."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मागायला कोण शिकवणार? काकांचे धाकटे भाऊ नांदेडला असतात. त्यांनी उंटावरून शेळ्या हाकत सल्ला दिला, "राहू द्या वहिनी, या वयात कशाला?" बाईंनी फोन ठेवला आणि मला निरोप धाडला, रविवारी दुपारी खाली ये.

गेले तर काय, दिवाणखान्याचं विमान झालेलं! काका दिवाणावर आडवे. स्वयंपाकघराच्या दाराला दोरीवर टाकलेली जुनी नारायणपेठी साडी, हा पडदा. पडद्यामागे खुर्चीत बाई. काकांच्या उशाशी देवघरातली घंटा. आणि हवाई सुंदरी मी.

"वाजवा!" पडद्यामागून हुकूम आला.

काकांनी घंटा उचलली, आवाज होऊ नये म्हणून तिचा लोलक दोन बोटांत धरला, आणि मला हळूच म्हणाले, "वाजली."

मी विचारलं, "काका, पाणी हवंय?"

"नको, नको. तुम्ही बसा ना, उभ्या का?"

"तिला बसवू नका! ती ड्युटीवर आहे!" पडदा गरजला.

असे कितीतरी रविवार गेले. काकांचं इंग्रजी कचेरीतलं, उत्तम. पण ते कागदावरचं. एकदा फार धीर करून ते मला म्हणाले, "आय बेग टू स्टेट दॅट माय बॅक इज पेनिंग." पडदा बाजूला सारून बाई बाहेरच आल्या. "बेग कायकू? भीक मागताय का? तिकीट आहे तुमच्याकडं. पाणी पाहिजे तर पाणी म्हणायचं. एक शब्द. आख्खं खातं चालवलंत, एक शब्द निघत नाही?" मला त्यांचा रागच आला. म्हाताऱ्या माणसाला कवायतीला उभं केल्यासारखं हे काय, असं वाटलं. काका मात्र निमूटपणे पुन्हा आडवे झाले.

मग एका रविवारी मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभी राहिले. घंटा वाजली. मी वळले नाही. पुन्हा वाजली, जोरात. "पाणी आणा," काका म्हणाले. "कोमट. आणि ही उशी सरकवा. दुखतंय."

मी धावले. उशी सरकवली, पाणी दिलं. पडद्यामागून काहीच आवाज येईना. साडी सारून पाहिलं तर बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लग्न झाल्यापासून 'दुखतंय' हा शब्द ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता गं," त्या म्हणाल्या. मीही रडले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सही केली.

प्रवासाची हकीगत बाईंनी मला डॅलसहून फोनवर सांगितली. त्यांना मी पडद्याला लागूनच कडेची सीट मिळवून दिली होती. विमान वर गेलं, जेवणं आली, आणि पडद्यातून एक हवाई सुंदरी त्यांच्यापाशी येऊन वाकली. "मॅडम, पुढचे सर विचारतायत, तुम्ही जेवलात का?" थोड्या वेळानं पुन्हा आली. "सर विचारतायत, तुम्हाला पांघरूण पुरतंय का?" मग पाय लांब करता येतायत का, झोप लागली का.

"एवढे रविवार घातले मी," बाई फोनवर ओरडत होत्या. "आणि शिकून मागितलं काय, तर माझं जेवण! स्वतःसाठी उशी पण मागितली म्हणे, पण ती नंतर!"

मध्येच त्या स्वतः पडदा सारून पुढे निघाल्या, तर एकानं अडवलं. हा भाग पुढच्या प्रवाशांचा. बाई म्हणाल्या, "मी बसायला आले नाही. माझं माणूस बघायला आले. बघते आणि जाते." आणि तिथेच उभ्या राहिल्या. तो बाजूला झाला. काका सरळ निजले होते, तोंड किंचित उघडं, गाढ. बाई बघून परत आल्या. पुढच्या खेपांना त्यांना कोणी अडवलं नाही.

डॅलसचा एक फोटो माझ्याकडे आहे. काका गालिच्यावर आडवे, नात त्यांच्या पोटावर बसून त्यांचा चष्मा ओढतेय. काका हसतायत. त्यांचे दात मी त्या फोटोतच पहिल्यांदा पाहिले.

परत आल्यावर काही महिन्यांनी काका गेले, सकाळी चहाची हाक मारली तर उठले नाहीत. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. जेवणं उरकली आणि नांदेडचे भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, बोलू नये, पण तो प्रवास दादाला झेपला नाही. नेलं नसतं तर आणखी दोन वर्षं निघाली असती."

मला वाटलं, आता बाई कोसळतील.

"हौ भावजी," बाई म्हणाल्या. "निघाली असती. त्या दिवाणावर, छताकडं बघत. ती दोन वर्षं देऊन मी त्यांच्या पोटावर नात बसवली. परत वेळ आली तरी तेच करीन. तुम्ही परेशान होऊ नका." आणि त्यांना विडा हवा का म्हणून विचारलं.

प्रवासानं काकांचं आयुष्य कमी झालं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. बाईंनी तो प्रश्न कोणाला विचारला नाही, आणि कोणाला विचारूही दिला नाही. मला त्यांचं हे फार मोठं वाटतं.

आता बाई इथे नाहीत, मुलीकडे आहेत. दुसऱ्या मजल्याला कुलूप आहे. कधी येणार म्हणून विचारलं की म्हणतात, "माझं घर आहे, माझी मर्जी." जाण्याआधी त्या तिकिटासाठी दुकानात आल्या, तेवढं सांगते. मुलीनं या वेळी आईसाठी पुढची सीट घ्यायला बजावलं होतं. बाई म्हणाल्या, "नक्को. माझी पाठ शाबूत आहे. मागची दे." मी मागच्या वर्गाचा नकाशा उघडला आणि सवयीनं कडेच्या सीटवर बोट नेलं.

"ती नक्को. खिडकी दे."

"बाई, सोळा तास आहेत. उठायचं झालं तर दोन माणसं ओलांडावी लागतील."

"लग्न झाल्यापासून मी कडेलाच बसले. एसटीत, रेल्वेत, सगळीकडं. हे काही मागायचे नाहीत, मग पाण्याला, चहाला मीच उठायची." बाईंनी नकाशाकडे नीट पाहिलं आणि खिडकीवर स्वतःच बोट ठेवलं. "आता कोणासाठी उठू? दे ही. सोळा तास हलणार नाही मी."